संप्रेरके आणि विडीचा धूर

वार्षिक अंकासाठी लेख मागायला विद्यार्थी-संपादक आला, तेव्हा मी त्याला सांगितले की कविता मला जमत नाही, प्रवासवर्णन लिहावे तर सोलापूर-पुणे याखेरीज प्रवास घडलेला नाही आणि ‘माझा आवडता लेखक’ या विषयावर आमच्या वर्गातले चौघे आधीच लिहीत आहेत. तो म्हणाला, “मग तुला जे ठाऊक आहे ते लिही.” मला ठाऊक आहे ते असे : संप्रेरकांचे औषध चालू असताना विडी का ओढू नये, आणि ती सोडू लागले की शरीरात काय काय घडते. हा विषय कला शाखेच्या अंकात शोभेल की नाही, मला सांगता येत नाही. आपल्याकडे शास्त्र शाखा नाही म्हणून तो येथे आला आहे, असे समजावे.

प्रारंभीच एक खुलासा. हजेरीपटावर माझे नाव मुलाचे आहे आणि या लेखात मी ‘गेले’, ‘आले’, ‘बसले’ असे लिहिणार आहे. तो मुद्रणदोष नव्हे. मराठीत ‘मी’ म्हटले की पुढच्या क्रियापदाला आपण कोण ते सांगावे लागते. इतकी वर्षे मी ते चुकीचे सांगत आले. जन्माच्या वेळी मला मुलगा समजले गेले. मी मुलगी आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मी रीतसर डॉक्टरांकडे गेले आणि गेल्या पावसाळ्यापासून माझे स्त्रीसंप्रेरकांचे उपचार चालू आहेत. वर्गातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक आहे, काहींना आज कळेल. कळल्यावर काय वाटून घ्यायचे ते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे, फक्त लेख शेवटपर्यंत वाचून मग.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात. आई विड्या वळते. पाने, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून मोजून मिळतो. पाने भिजवून, मापाने कात्रीने कापून, मांडीवर सूप घेऊन ती सकाळपासून बसते. मजुरी हजार विड्यांमागे. ढिल्या किंवा वाकड्या वळलेल्या विड्या कारखान्यात बाजूला काढतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. माझ्या वह्या-पुस्तकांपासून या महाविद्यालयाच्या फीपर्यंत सगळे त्या सुपातून आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. विडीविरुद्ध चार शब्द लिहिण्यापूर्वी हे सांगणे भाग आहे; नाहीतर खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखे होईल.

आईने आयुष्यात विडी ओढलेली नाही. मी ओढली. आठवीत असताना माझ्या चालण्याबोलण्यावरून मुले चिडवू लागली होती. शाळेच्या मागच्या भिंतीआड जो धूर काढतो तो ‘पोरगा’, असा तिथला अलिखित नियम होता. मी घरातल्या वाकड्या विड्यांतल्या दोन खिशात घालून नेल्या. पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी आले, पण त्या दिवशी कोणी चिडवले नाही. हा सौदा मला स्वस्त वाटला. बारावीपर्यंत दिवसाला दहा-बारा विड्या झाल्या आणि कॉलेजात आल्यावर त्यात टपरीवरच्या सुट्या सिगारेटची भर पडली. (शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ सालचा आहे, आणि सुटी विडी-सिगारेट विकण्यास महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्या मामांना हे दोन्ही नियम ऐकवले असते तर त्यांनी फक्त माझी उधारी बंद केली असती.)

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी वजन, रक्तदाब घेतला, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि विचारले, “धूम्रपान?” मी “नाही” म्हणाले. त्यांनी माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिले. मी घाईघाईने म्हणाले, “आई विड्या वळते, तिला मदत करते, त्याचे डाग आहेत.” बाई म्हणाल्या, “तू ओढतेस म्हणून मी तुला औषध नाकारणार नाही. पण खरं सांगितलंस तर कोणतं औषध कोणत्या वाटेनं द्यायचं, ते मला ठरवता येईल.” मी खरे सांगितले. त्यांनी गोळ्यांऐवजी त्वचेवर चोळायचे जेल लिहून दिले आणि विडी सोडण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. ‘कोणत्या वाटेने’ या दोन शब्दांतच सारा विषय आहे, म्हणून तो जरा विस्ताराने सांगते.

इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक. गोळी गिळली की ती आतड्यातून शोषली जाते, आणि आतड्यातले रक्त शरीरभर जाण्याआधी थेट यकृतात जाते. म्हणजे औषधाचा पहिला आणि दाट लोंढा यकृतावर पडतो. रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिने यकृतच तयार करते. इस्ट्रोजेनच्या लोंढ्याने यकृत ही प्रथिने अधिक बनवू लागते आणि गोठण्याला आवर घालणारी काही प्रथिने कमी. तराजू एका बाजूला झुकतो. त्वचेतून गेलेले औषध आधी सर्व रक्तात मिसळते, यकृताला त्यातला वाटा इतरांसारखाच मिळतो. त्यामुळे तराजू फारसा हलत नाही.

आता विडी. रक्तवाहिनीत गुठळी का होते याच्या तीन कारणांना एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्को याचे नाव दिलेले आहे : प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि खुद्द रक्ताचा गुण बदलणे. धूर यांतली दोन कामे एकटा करतो. वाहिनीचे आतले अस्तर तो खरवडतो आणि रक्तातल्या बिंबाणू नावाच्या कणांना चिकट करतो. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. प्राणवायू कमी पडला की शरीर तांबड्या पेशी वाढवते आणि रक्त दाट होते. विडी लहान म्हणून बिनधास्त ओढणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तिच्यात तंबाखू सिगारेटच्या निम्म्याहून कमी असला, तरी टेंभुर्णीच्या पानातून हवा आत येत नाही. ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात, आणि तो सारा धूर छातीत जातो. राहिले तिसरे कारण, मंद प्रवाह. सोलापूरहून पुण्याला एस.टी.ने जाऊन पाहा. पाचसहा तास पाय दुमडून बसल्यावर पोटरीतले रक्त काय करीत असेल याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

संप्रेरके घेणाऱ्या माझ्यासारख्या स्त्रियांवरचा सर्वांत जुना मोठा अभ्यास ॲम्स्टरडॅमचा. १९८९ साली तेथील डॉक्टरांनी तीनशेहून अधिक जणींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यात रक्तगुठळीचे प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट आढळले होते. १९९७ साली ८१६ जणींचा अभ्यास आला, त्यात ते २० पट होते. हे आकडे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. पण पुढची हकीकत महत्त्वाची आहे. त्या काळी तिथे दिले जाणारे औषध एथिनिल एस्ट्रॅडिओल, रोज १०० मायक्रोग्रॅम. हे संप्रेरक मुद्दाम असे घडवलेले आहे की यकृताला ते सहजी मोडता येत नाही. त्यामुळे ते तिथेच रेंगाळते आणि गोठवणारी प्रथिने वाढवत राहते. २००३ साली नेदरलँड्समधल्याच संशोधकांनी दाखवले की दोष मुख्यतः या औषधाचा आहे. शरीरात नैसर्गिकरीत्या असते तसले एस्ट्रॅडिओल दिले तर रक्तातला हा बदल कितीतरी कमी होतो. आज या उपचारांत एथिनिल एस्ट्रॅडिओल वापरू नये असेच जाणकार सांगतात.

मग ते वापरते कोण? ज्यांना डॉक्टर मिळत नाही त्या. कुटुंबनियोजनाच्या माला-डी गोळीत ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्रॅडिओल असते. विवाहित निरोगी स्त्रीने रोज एक घ्यावी असा तिचा हिशेब. तिच्यासाठीही नियम असा, की वय ३५ च्या वर असेल आणि ती रोज १५ किंवा अधिक सिगारेट ओढत असेल, तर ही गोळी तिला मुळीच देऊ नये.

माझी एक मैत्रीण, नाव लिहीत नाही, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. एका डॉक्टरांनी ‘ही थेरे इथे चालणार नाहीत’ म्हणून परत पाठवले, तेव्हा ती वहिनीच्या पाकिटातल्या गोळ्या घेऊ लागली. एकीने फरक दिसेना म्हणून दोन, मग तीन. तीन गोळ्या म्हणजे ९० मायक्रोग्रॅम. ॲम्स्टरडॅमचा डोस जवळजवळ तेवढाच. वर दिवसाला एक पाकीट सिगारेट. एका सकाळी तिची डावी पोटरी सुजली. मुरगळली असेल म्हणून आम्ही बाम चोळला. मीच चोळला. गुठळी असलेला पाय चोळू नये, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे मला नंतर कळले. दुसऱ्या दिवशी तिला दम लागू लागला. रुग्णालयात आधी तासभर चर्चा झाली ती तिला पुरुषांच्या कक्षात ठेवायचे की स्त्रियांच्या याची. ती वाचली. रक्त पातळ करणारी इंजेक्शने, मग गोळ्या, महिनोन्‌महिने. एकाच पायाला सूज आणि दुखणे, एकाएकी धाप, छातीत कळ : यांतले काहीही दिसले तर बाम, शेक, उतारा काही न करता त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

म्हणूनच ‘आधी विडी सोड, मग औषध’ असे म्हणून दार लावून घेणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझे मत चांगले नाही. सल्ला खरा आहे, पण दार लागले की माणूस घरी बसत नाही; औषधांच्या दुकानात जातो.

गोळी आणि धूर यांचे दुसरेही एक वैर आहे, आणि ते मला अधिक चटकन पटले, कारण त्यात माझा प्रत्यक्ष तोटा होता. १९८५ साली डेन्मार्कमध्ये पाळी गेलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊन तपासण्या केल्या, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात संप्रेरक कमी आढळले. जितक्या सिगारेट अधिक तितके ते कमी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याचे एक कारण सापडले. धुरामुळे यकृत इस्ट्रोजेनचे रूपांतर जवळजवळ निष्प्रभ अशा पदार्थात वेगाने करू लागते. म्हणजे अडीचशे किलोमीटर जाऊन, उसने पैसे घालून आणलेले औषध मी सकाळी घ्यावे आणि दुपारी टपरीवर उभे राहून स्वतःच जाळावे, असा प्रकार. त्वचेवाटे घेतलेल्या औषधाचे असे नुकसान सहसा दिसत नाही. गंमत अशी की हे काम निकोटिनचे नव्हे, जळणाऱ्या तंबाखूतल्या डांबरी द्रव्यांचे. गुण येत नाही म्हणून डोस मनाने वाढवणाऱ्या कित्येकजणींच्या खिशात काडेपेटी असते, ती मात्र कोणी तपासत नाही.

आवाजाचे तर विचारूच नका. इस्ट्रोजेनने एकदा फुटलेला आवाज बदलत नाही. तो सरावाने कमवावा लागतो. आणि धुराने स्वरतंतू सुजून आवाज आणखी जाड होतो. मी रोज आरशासमोर अर्धा तास आवाजाचा सराव करून खाली विडी ओढायला जात असे.

आता सोडण्याविषयी. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. उतरले की तलफ. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट : चिडचिड, झोप नाही, पुस्तकाची ओळ दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. माझी पंचाईत अशी की संप्रेरके सुरू झाल्यावर मन आधीच हळवे झाले होते. कुठले रडू औषधाचे आणि कुठले विडीचे ते ओळखता येईना. बाईंनी सांगितले की ओळखायची गरज नाही, तारीख लिहून ठेव. मी वहीत तारखा लिहिल्या. तलफेची एक लाट पाच मिनिटांच्या आत उतरते, हे मला त्या वहीतूनच कळले. लाट आली की मी घड्याळ पाहून लिहीत असे आणि लिहिता लिहिता ती जात असे.

निकोटिनचे च्युइंगम मिळते, दोन मिलिग्रॅमचे. ते शेंगदाण्यासारखे चावायचे नसते. थोडे चावून तोंडात झिणझिणले की गालात ठेवायचे, झिणझिण गेली की पुन्हा दोनदा चावायचे. असे अर्धा तास. आमच्या गल्लीत तंबाखूचा बार भरणाऱ्या आज्यांना ही युक्ती शिकवावी लागणार नाही. आधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये, नाहीतर ते लागू पडत नाही. गममध्येही निकोटिनच आहे, मग फायदा काय, असा प्रश्न मी विचारला होता. त्यात धूर नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही आणि डांबरही नाही. आणि ते हळूहळू चढते, म्हणून त्याची गुलामी विडीएवढी लागत नाही.

चहावरून आठवले. चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझी छाती धडधडू लागली, हात कापू लागले. मला वाटले, हे तलफेचेच. पण ज्या धुराने यकृताचे यंत्र वेगाने चालत होते, तेच यंत्र कॅफिनही मोडते. धूर थांबला की यंत्र आठवडाभरात मंदावते आणि तेवढाच चहा-कॉफी घेतली तरी रक्तात कॅफिन खूपच जास्त साचते. मी तलफ मारायला दिवसाला आठ कप चहा पीत होते! चहा निम्मा केला आणि धडधड थांबली. कॅन्टीनमध्ये बसून विडी सोडू पाहणाऱ्या सर्व मित्रांना ही सूचना आहे.

वजन वाढते हे खरे, पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. मुले या भीतीने सोडत नाहीत असे ऐकते. मला ते कुठे वाढेल याचीच उत्सुकता होती.

तेविसाव्या दिवशी मी हरले. तपासणीसाठी पुण्याला निघाले होते. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे दोनदा पाहिले, पिशवी उचलली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. कोणी काही बोलले नाही. इंदापूरला गाडी थांबली तेव्हा मी उतरले आणि स्थानकाबाहेर दोन विड्या ओढल्या, एकीवर दुसरी पेटवून. आठवीत ज्यासाठी ओढली त्याच कारणासाठी. डॉक्टरबाईंना हे सांगताना मला रडू आले, तर त्या म्हणाल्या, “बावीस दिवस कुठे गेले नाहीत. आजची तारीख लिही.” बहुतेकांना एकापेक्षा अधिक वेळा सोडावे लागते, असे त्यांनी सांगितले. हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले. सोडण्यासाठी फोनवर मोफत मदत मिळते, १८००-११-२३५६ या क्रमांकावर; २०१६ पासून ती केंद्र सरकारतर्फे चालते. वसतिगृहाच्या सूचनाफलकावर हा क्रमांक लावावा अशी माझी विनंती आहे.

घरी सांगायचे राहिले होते. मी विडी ओढते हे आईला ठाऊक होते, पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. दुसऱ्या गोष्टीवरही फारसे नाही. एका रात्री पाने कापून देताना मी म्हणाले, “मी विडी सोडली.” ती सुपावरून मान वर न करता म्हणाली, “अगं, समद्यांनीच सोडली तर आपुन काय खायाचं?” आणि हसली. ‘अगं’ तिच्या तोंडून पहिल्यांदाच आले. तिच्या ते लक्षात आले की नाही, मी विचारलेले नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. न ओढणाऱ्या बाईच्या अंगातही तंबाखूची धूळ श्वासातून आणि हातांच्या कातडीतून जाते, हे मी वाचले आणि तिला सांगितले. तोंडाला फडके बांध म्हणाले. ते बांधले की उकडते आणि हात मंदावतो, हजार भरत नाहीत, असे तिचे म्हणणे. आता खिडकीजवळ बसते, एवढे झाले. मी पाने कापते, तंबाखूला हात लावत नाही.

विडी सोडून आज पाच महिने झाले, इंदापूरच्या तारखेपासून मोजून. जेल महाग पडते, म्हणून पुढच्या खेपेस गोळीचा विचार करू असे बाई म्हणाल्या आहेत. त्याआधी पुन्हा रक्ततपासणी आहे. एस.टी.त आता मी दर स्थानकावर उतरते आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर येरझाऱ्या घालते. कंडक्टर ओळखू लागला आहे. “चला ताई,” म्हणून हाक मारतो.